कावळ्याला दिलेला शब्द

वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. पाथर्डीकडच्या आमच्या गावी ओढ्याकाठी पिंड ठेवून माणसं उन्हात ताटकळली होती. जो तो पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देत होता. चुलते म्हणाले, बांधाचा वाद मिटवतो. बहीण म्हणाली, आईकडे येत जाईन. कावळा बाभळीवर ढिम्म. शेवटी मी वैतागून म्हणालो, "आईला परत ऊसतोडीला धाडणार नाही." कावळा लगेच उतरला. बायका रडल्या. मला काहीच वाटलं नाही. पाय भाजत होते, एवढंच.

मी मुंबईत नोकरीला. दिवाळीनंतर गावच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या आणि मी आईला माझ्या खोलीवर आणलं. महिनाभर ती खिडकीशी बसून होती. काहीतरी करायला हवं म्हणून एका रविवारी तिला लाँचने घारापुरी बेटावर नेलं. समुद्र तिने पहिल्यांदाच पाहिला. "लई पानी हाय," म्हणाली आणि भाकरीचं गाठोडं सांभाळत बसली. धक्क्यावरची छोटी आगगाडी, पायऱ्यांवरची टोप्या-माळांची दुकानं, माकडं, सगळं मी दाखवत गेलो आणि ती बघत गेली. रस दोघांनाही नव्हता.

लेण्यात एका मूर्तीपुढे मात्र ती थांबली. अर्धं अंग शंकराचं, अर्धं पार्वतीचं.

"ह्यो पुरा कोयता हाय," आई म्हणाली.

आमच्याकडे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता. लग्नापासून दर हंगामाला आई-वडील एक कोयता म्हणूनच मोजले गेले होते.

"मुकादम म्हनत हुता, वस्तीवरल्या एकीसंगं तुजी जोडी लावतो. तिचाबी नवरा गेलाय. मी जाते."

"आई, दहाव्याला सगळ्यांसमोर शब्द दिलाय मी."

ती मूर्तीकडेच बघत होती. "कावळ्याला दिलास. मला कुटं इचारलंस?"

वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. बाहेर येऊन पायरीवर आम्ही भाकरी खाल्ली.

परतीच्या लाँचमध्ये मी मुकादमाला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून ती विचारत होती, "जागा हाय न्हवं अजून?" महिन्याभरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.