पारावरून स्कूटी

माझ्या थोरल्या जाऊबाई अंगणवाडीत आहेत. शेजारच्या गावी रोज जायचं म्हणून त्यांनी स्कूटी घेतली आणि झटक्यात शिकल्याही. पण आमच्या पेडगावचा पार आला, की गाडी बंद करायची, डोक्यावर पदर घ्यायचा, पायातल्या चपला काढून गाडीवर ठेवायच्या आणि म्हाताऱ्यांसमोरून अनवाणी गाडी ढकलत न्यायची! पारावर आमचे सासरे बसायचे ना. त्यांच्यासमोरून सुनेनं गाडीवर बसून कसं जायचं?

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अवो, ढकलायचीच होती तर हातगाडी घ्यायची की!"

"असू दे गं," त्या हसायच्या. "मामंजीला ते बरं वाटत न्हाई."

बारावीच्या पहिल्याच पेपरला एसटी आली नाही. पुतणीचं केंद्र परभणीत. उशीर झाला तर आत घेणार नाहीत, वर्ष वाया जाणार. पोरगी रडकुंडीला आलेली. गडीमाणसं हरभरा काढायला गेलेली. जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि लेकीला गाडीवर मागं बसवलं. मी गॅस बंद करून त्यांच्या मागं पळाले.

पार आला. सवयीनं गाडी थांबली, पाय खाली टेकला. "मम्मी, उतरू नको ना!" पुतणी ओरडली. जाऊबाईंनी एकदा सासऱ्यांकडं बघितलं, पाय वर घेतला आणि असा लांबलचक हॉर्न दिला, की पारावरचं कुत्रंसुद्धा उठून पळालं. पदर खांद्यावर, चपला पायात. या बया! मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

सासरे तडक घरी आले. दिवसभर घरातच बसून राहिले. पोरगी वेळेत पोचल्याचा फोन आला, तेही मी सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले आणि संध्याकाळी चहा न घेता परत पारावर जाऊन बसले. आता माझा जीव टांगणीला. दळणाचा डबा घेऊन मीही निघाले.

तेवढ्यात मायलेकींची स्कूटी आली. जाऊबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता, चेहरा पार उतरला होता. पण त्या उतरल्या नाहीत.

सासरे रस्त्याकडं पाय सोडून बसले होते. त्यांनी पाय वर ओढून घेतले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला कोपर मारलं.

"पाय घे की वर! माझी सून यायलीय."