वरच्या खोलीतली थुंकीवाली

"थूकिए बिटिया, इत्मीनान से थूकिए." एखाद्या नवाबापुढं पान धरावं तशा अदबीनं ती हे म्हणायची आणि पोराच्या तोंडापुढं प्लास्टिकची नळी धरायची. पोरं हसायची. हसली की लाळ सुटायची.

जानकीपुरमला आमच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. मूळची जुन्या शहरातल्या चौक भागातली. इस्पितळात डोक्याला मार लागलेल्या मुलांची लाळ गोळा करणं हे तिचं काम. गल्लीत तिला थुंकीवाली म्हणत. अशी टोपणनावं तुमच्याही गल्लीत असतील.

मी एकदा तोंडावरच विचारलं, "एवढी शिकलीस आणि लोकांची थुंकी गोळा करतेस?"

"बाबूजी, बच्चे खेलने के लिए झूठ बोलते हैं. थूक नहीं बोलता. बस, हमें अभी उसकी ज़बान पूरी नहीं आती."

मेंदूला धक्का बसला की लाळेतलं काहीबाही बदलतं. त्यावरून कोणतं मूल लवकर बरं होईल आणि कोणाचं डोकं दुखतच राहील, हे आधी सांगता येतं का ते तिचे साहेब शोधत होते. मी फौजेतला ड्रायव्हर, नोकरी संपल्यावर इकडं उत्तरेतच राहिलेला, शाळा चौथीत सुटली. मला एवढंच कळलं.

मग माझ्या नातीलाच हॉकीचा चेंडू कानशिलावर लागला. पडली, उठली, म्हणाली, "कुछ नहीं हुआ." आमच्या घरात तिला मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. त्याच वर्षी माझी बायको न्हाणीत घसरून डोक्यावर आपटली होती. "काही नाही झालं हो," म्हणाली आणि चहा टाकला. संध्याकाळी गेली. तिच्याबद्दल इथं याहून जास्त लिहीत नाही.

डॉक्टरनं नातीचा खेळ बंद केला. माझ्या मुलानं, तिच्या बापानं, संमतीची सही दिली आणि तिचीही लाळ घ्यायचं ठरलं. काही न खाता यायचं होतं. निघताना मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. परीक्षा असो, मॅच असो, बायको ठेवायची, म्हणून.

थुंकीवालीनं नळी उजेडात धरली. आत पांढरं. "दही?"

"साखर पण. हातावरच्या दह्याला कोणी खाणं म्हणत नाही."

"हमारी अम्मा भी यही कहतीं," ती म्हणाली. पोरीला चूळ भरायला लावली, आम्हाला बाकावर ताटकळत बसवलं आणि पुन्हा नळी धरली.

पुढं राज्याच्या संघाची निवड आली. नात म्हणे, एकदम ठीक हूँ. मी जिन्यावर थुंकीवालीला अडवलं. "तुझी थुंकी काय म्हणते? खेळू देऊ का?"

"अभी नहीं बता सकते. अंदाज़े से आपकी बच्ची मैदान में नहीं भेजूँगी."

"मग तुझ्या नळ्या चुलीत घाल."

ती रागावली नाही. नातीजवळ बसली, शाळेचं पुस्तक उघडून म्हणाली, "ज़रा पढ़कर सुनाइए." पोरीनं दोन ओळी वाचल्या आणि डोळे झाकले. डोकं रोज दुखत होतं. आम्ही डॉक्टरला सांगितलं. निवड हुकली.

"आप चुगलखोर हैं!" नात ओरडली.

"जी, हूँ," थुंकीवाली म्हणाली.

त्यानंतर नात तिच्याशी बोलली नाही. ती मात्र येता-जाता बंद दाराला म्हणायची, "नमस्ते, कप्तान साहिबा."

काम संपलं, तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ई-रिक्षात सामान चढवून तिनं आमच्या खिडकीकडं पाहिलं. पडदा हलला नाही. मी म्हणालो, "पोर हट्टी आहे. आजीवर गेली."

"अच्छा है," म्हणाली आणि गेली.

डॉक्टरनं मग कधीतरी नातीला परवानगी दिली. पहिल्याच मॅचमध्ये ती धक्का लागून पडली. मी उभा राहिलो. आता उठून पळणार, मला माहीत होतं. ती उठली नाही. बसल्या जागेवरून हात वर केला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "सर, चक्कर आ रहा है. मुझे बाहर बुला लीजिए."

हे बघायला थुंकीवाली हवी होती. नात माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या जागी दुसरी पोर गेली आणि मॅच पुढं चालू झाली.