नीलेशला बारा हवे होते

गॅरेजमध्ये किस्से साठवावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि तिची गोष्ट मात्र इथेच पडून राहते. आमचं गॅरेज भिवंडीच्या निजामपुऱ्यात आहे, दोन्ही अंगाला लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. त्यामुळे इथे साधी विचारपूससुद्धा ओरडूनच होते. मी इंजिन उघडतो, पार्टनर सलीमभाई लेथ सांभाळतात. आणि आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या नीलेशचे आहेत. नीलेश पडघ्याजवळच्या गावातला, गोडाऊनवर सुपरवायझर. नवीन लग्न झालेलं आणि मोटारसायकल जुनी, किकवाली.

तो आला कॉम्प्रेशन रेशो वाढवायला. म्हणजे पिस्टन वर येताना आतली पेट्रोलची हवा किती दाबतो, ते. त्याच्या गाडीचा होता नऊ. नऊ वाट्यांत मावणारं एका वाटीत कोंबायचं, असं समजा. जास्त कोंबलं की ताकद वाढते. पण फार कोंबलं की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपल्या मनानेच पेटतं आणि आत हातोडे मारल्यासारखा आवाज येतो. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. ते चालूच राहिलं तर एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

मी म्हटलं, "रोज ट्रॅफिकमध्ये चालवायची गाडी आहे. साधं पेट्रोल टाकणार तू. दहाच्या वर जाऊ नको."

"बारा," नीलेश म्हणाला.

"बाराच का?"

"मेव्हण्याच्या गाडीला अकरा हाय."

सलीमभाईंनी गंभीरपणे मान हलवली. "टेक्निकल बात है. करना पडेगा."

*

रेशो वाढवायचा तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून आतली जागा कमी करायची, आणि त्याआधी ती मोजावी लागते. वर काच ठेवायची, काचेला भोक, त्यातून सिरिंजने तेल सोडायचं. मावेल तेवढी जागा. मोठी सिरिंज आणायला सलीमभाई कामतघरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या बाई चौकस निघाल्या.

"पेशंटला त्रास काय आहे?"

"चढाला दम भरतो. आणि सकाळी उठतच नाय लवकर."

"सिगरेट?"

"सिगरेट नाय. पण धूर निघतो."

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं ना. डॉक्टर बोलला, हेड घासून छोटं करू."

सिरिंज मिळाली. सुटे पैसे परत देताना बाईंनी "काळजी घ्या" असंही सांगितलं.

*

हेड घासलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह, म्हणजे वरच्या झडपा, एकमेकांच्या जवळ येतात. ते आपटणार तर नाहीत ना, हे बघायला मधे मऊ माती ठेवतात. इंजिन हाताने फिरवायचं, मग उघडून दबलेली माती किती जाड राहिली ते बघायचं. माती संपली होती. नीलेशने डबा उघडला. सुरेखाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तिच्या आईकडे पोचवायला मळलेल्या कणकेचा गोळा दिला होता. नीलेशच्या या सासूबाईंचा हात दुखत होता म्हणून. नीलेशने त्यातलाच एक तुकडा तोडून पिस्टनवर थापला.

उघडलं तर कणीक इतकी पातळ झालेली, की पलीकडचं दिसेल. मी म्हटलं, "व्हॉल्व्ह आपटणार. पिस्टनला खाचा पाडाव्या लागतील." पुरावा म्हणून नीलेशने त्या कणकेचा फोटो काढला आणि चुकून बायकोला पाठवला. लगेच तिचा फोन आला. आवाज आम्हाला लूमच्या खडखडाटातही ऐकू आला.

"हे कोणी लाटलंय?"

"इंजिनाने."

"बरं. उद्यापासून पोळ्या त्यालाच सांगा. मला रोज म्हणता, जाड लाटतेस."

*

खाचा पाडल्या, हिशोब परत जुळवला, गाडी एकदाची बाराची झाली. आता किक जड बसायची. पाय अर्धवट पडला की उलटी फेकायची. हे मी नीलेशला नीट समजावलं. त्याने "हो हो" केलं आणि तसाच सासुरवाडीला गेला.

निघताना सगळं घर अंगणात. सासू, सासरे आणि अकरावाला मेव्हणा गणेश. नीलेशने रुबाबात, इकडेतिकडे बघत किक मारली. गाडीने ती परत केली. जावई तुळशीवृंदावनाला धरून उभा राहिला म्हणून वाचला.

कोणी हसलं नाही. जावयाला कोण हसणार? गणेशने आपल्या गाडीचं बटण दाबलं, ती सुरू झाली, आणि तो अदबीने म्हणाला, "दाजी, बारा कुठं लागलं?"

*

बाराला भारी पेट्रोल लागतं, सहजासहजी न पेटणारं. ते नीलेशला ठाण्याच्या एका पंपावर मिळायचं. दर रविवारी तो सुरेखाला म्हणायचा, "चल, ठाण्याला जाऊ." ती बिचारी नवीन साडी नेसून निघायची. पंपावर टाकी भरायची, चहा प्यायचा, परत. वाटेत भिवंडीच्या जाममध्ये गाडी तापायची, बाजूला लावून थंड करायची, आणि घर येईपर्यंत जे भरलं त्यातलं बरंचसं संपलेलं असायचं.

एकदा ती गॅरेजवर आली तेव्हा मी विचारलं, "वहिनी, ठाणं आवडलं का?"

"छान हाय ना. हवा भरायचं मशीन तर लई मोठं हाय."

*

आता ती गाडी दहावर चालते. मी हेडखाली जाड गॅसकेटची चकती बसवून आतली जागा परत वाढवली, कुरकुर मिटली, नीलेश साधं पेट्रोल भरतो. पण तो दहाला तयार कसा झाला, ते सांगायचं राहिलं.

एका दुपारी तो थेट गॅरेजवर आला. ठाण्याला जायचा कंटाळा आला म्हणून साधं पेट्रोल भरलेलं, आणि वर गाडी जाममध्ये तापलेली. "बघा, काय पण आवाज न्हाय," म्हणाला आणि जागेवरच रेस देऊ लागला. खरंच नव्हता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूम चालू असताना बॉम्ब फुटला तरी विचारावं लागेल.

तेवढ्यात लाइट गेली.

सगळे लूम एका दमात थांबले. गल्ली अशी शांत झाली की कानांत सूं ऐकू यायला लागलं. आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला. खट खट खट खट. नीलेशची गाडी.

कारागीर दारात आले. समोरचे लूमवाले चाचा चष्मा पुसत बाहेर आले. "लाइट गयी ना? फिर ये किसका लूम चालू है?"

कोपऱ्यावरच्या खांबाशी लाइटवाल्यांचे दोन जण काम करत होते. लाइट त्यांनीच बंद केलेली. ते एकमेकांकडे बघत, कान देत देत आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"लाइट बंद, तरी इथे मशीन चालू आहे. मीटर सोडून तार ओढलीय का?" त्यांच्यातला मोठा साहेब म्हणाला.

"मशीन न्हाय साहेब, गाडी हाय," नीलेश म्हणाला.

"आवाज लूमचा आहे. बंद कर."

नीलेशने चावी फिरवली. इंजिन तापून लाल झालेलं, ठिणगी बंद झाली तरी आतल्या गरमीवर पेटत राहिलं. खट खट खट. नीलेशने घाबरून चावी उपसून काढली आणि हात वर करून साहेबांना दाखवली. खट खट खट.

साहेबांनी चावीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग मागे वळून आपल्या माणसाला म्हणाले,

"लिहून घे. डायरेक्ट कनेक्शन."