पाळतीची सायकल

माझ्या सासूबाईंचा या जगात कुणावरही विश्वास नाही. दुधाची पिशवी त्या उघडण्याआधी हुंगतात आणि उघडल्यावर पुन्हा हुंगतात. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीकडे अशा बघतात, की जणू ती उद्याचं ऊन घरी लपवून आली आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रेमाने माझी बॅग आवरून दिली. ती झडती होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. वसाहतीच्या तोंडाशी त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. कोट आला की आधी खिसे तपासायचे, कारण एक पेन आत राहिलं तर मशीनमधले सगळे कपडे निळे. त्यामुळे मीटिंगला गेलेल्या नवऱ्यांच्या खिशातली सिनेमाची तिकिटं आणि सिगारेट सोडलेल्या माणसांच्या काड्यापेट्या त्यांच्या हातांनी वर्षानुवर्षं पाहिल्या. "माणूस काय बोलतो ते राहू दे," त्या मला सांगत, "खिसा काय म्हणतो ते बघ." दुकान विकलं, पण हात थांबले नाहीत. आमच्या घरात कुठलाही कपडा त्यांच्या झडतीशिवाय पाण्याला लागत नाही.

सासरे अगदी उलटे. जन्मभर त्यांनी शहरबस चालवली. स्वभाव शांत. काही विचारलं की उत्तर दोन थांबे सोडून यायचं. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. आमच्या घरांच्या रांगेमागून एक कालवा जातो. त्याच्या कडेने मातीची वाट आहे आणि पुढे तिला फाटे फुटतात. एक फाटा पाण्याच्या टाकीकडे चढतो, एक झाडीत शिरतो आणि एक मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडच्या नव्या वसाहतीत निघतो. फिरून आले की सासरे सगळं सांगायचे: कुठे रस्ता खणलाय, कुणाचं कुंपण पडलंय.

गेल्या वर्षी ते सांगणं बंद झालं. यायला उशीर होऊ लागला. कुठे गेला होतात विचारलं तर "असंच, जरा लांब." त्यातच त्यांनी गाडी चालवायची सोडली. गुडघे दुखतात म्हणाले.

"हे गुडघे गाडीत दुखतात आणि कालव्यावर दुखत नाहीत," सासूबाई मला म्हणाल्या. "बघ, काय समजायचं ते समज."

मी म्हटलं, "आई, चालल्याने मोकळे होत असतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही कटात सामील असणार, असा तो बघण्याचा अर्थ होता.

मग खिसा बोलला. सासऱ्यांच्या जाकिटात हिरव्या लोकरीचे तुकडे निघाले. बोटाएवढे, सारखे कापलेले. ती लोकर सासूबाईंचीच होती. खूप वर्षांपूर्वी त्यांनी सासऱ्यांना स्वेटर विणला होता, त्यातला उरलेला गुंडा टोपलीत होता. तो लहान होत चाललाय म्हणून त्यांनी आधीच मला धारेवर धरलं होतं. आता चोर सापडला, पण चोरी कशासाठी ते कळेना. नवऱ्याला विचारणं हा उपाय त्यांच्या डोक्यात आला नाही. विचारलं की माणूस सावध होतो, असं त्यांचं शास्त्र आहे.

इथे सायकल आली. माझ्या नवऱ्याने ऑफिसला जायला मोठ्या हौसेने इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. हौस ठरल्याप्रमाणे फिटली आणि सायकल गॅरेजमध्ये कपडे वाळत घालायच्या कामी लागली. एके दिवशी पाहते तर कपडे घडी करून बाजूला ठेवलेले आणि सायकल गायब. लहानपणी वडिलांच्या दुकानातले इस्त्रीचे कपडे सासूबाई सायकलवरून घरोघर पोचवायच्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अर्थात सायकलवरही त्यांचा विश्वास नव्हता. बॅटरी चार्ज होत असली की त्या समोर स्टूल टाकून बसत, शेजारी वाळूची बादली. मोटरबद्दल त्यांची तक्रार अशी, की "मी पाय मारते आणि ही मागून ढकलते. हिला कसली घाई?" पण एका गुणावर त्या फिदा झाल्या. सायकलचा आवाज होत नव्हता.

सासरे पुढच्या दाराने निघाले की जरा वेळाने त्या गॅरेजमधून निघत. पहिले काही दिवस नुसती फजिती. सासरे एखाद्या फाट्यावर नाहीसे होत आणि या भलत्याच गल्लीत कुणाच्या तरी फाटकापाशी पोचत. घर आणि दुकान यापलीकडे त्यांनी ही वसाहत कधी बघितलीच नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी मुलूख पाहून घ्यायचा, मग माणूस पकडायचा. दुपारी सासरे झोपले की त्या सायकल काढायच्या आणि संध्याकाळी भाजी निवडताना मला सगळा अहवाल मिळायचा. निळ्या फाटकवाला बागेतला कचरा कालव्यात टाकतो. 'खासगी रस्ता' ही पाटी खोटी आहे, कुणी अडवत नाही. टाकीमागचा चढ भयंकर आहे, पण मोटर वाढवली की दंडाला धरून कुणी वर नेल्यासारखं वाटतं, आणि वरून आपलं छप्पर दिसतं. झाडीतून उतारावर पाय न मारता थेट कालव्यापर्यंत जाता येतं.

"आणि एक बगळा रोज त्याच दगडावर उभा असतो," त्या म्हणाल्या. "काहीतरी लपवतोय."

त्यांचे गाल लाल झालेले असायचे आणि जेवताना त्या दोनदा भाजी मागून घ्यायच्या. पाळत बाजूला राहून या बाई मजेत भटकताहेत, अशी मला शंका येऊ लागली. त्यांच्या संगतीचा परिणाम.

पण पाळत सुटली नव्हती. एकदा त्या आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात, बूटसुद्धा न काढता. कालव्याच्या पुलापाशी सासरे एका बाईशी बोलत होते. पांढरी टोपी, हातात कुत्र्याचा पट्टा. बाईने हात लांब करून काहीतरी दाखवलं, सासरे हसले आणि तिकडे गेले. आणि प्रत्येक फाट्यावरच्या खांबाला, कुठे कुंपणाच्या तारेला, हिरव्या लोकरीची गाठ होती.

"खुणा आहेत," सासूबाई म्हणाल्या. "कुठे भेटायचं त्याच्या. माझ्या लोकरीच्या खुणा. त्या स्वेटरच्या लोकरीच्या."

मी हसले, पण त्यांचा आवाज चिरकला होता. एवढ्या वर्षांच्या झडत्यांमध्ये सासऱ्यांच्या खिशात त्यांना कधी काही सापडलं नव्हतं, आणि मनातून त्या त्याच भरवशावर जगत होत्या. तो भरवसा गेला तर त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं. तरीही मी त्यांना समजावत बसले नाही. मला भाजीला फोडणी द्यायची होती, आणि त्यांच्या संशयांना मी कंटाळले होते.

त्याच दुपारी त्यांनी सायकल काढली आणि कालव्यापासून बोगद्यापर्यंतच्या सगळ्या गाठी सोडून आणल्या. ओट्यावरच्या वाडग्यात ओतल्या. "आता बघू उद्या कसे भेटतात," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे जेवायला आले नाहीत. ताटं वाढून झाकली, पुन्हा गरम केली. फोन ते नेतच नसत. आधी सासूबाई विजयी मुद्रेने खिडकीपाशी बसल्या. मग नुसत्या बसल्या. मग उठल्या. माझा नवरा ऑफिसातून येऊन गाडी घेऊन शोधायला गेला, पण पायवाटांवर गाडी काय कामाची? मी घरी थांबले. सासूबाईंनी सायकल काढली.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. पुलापाशी कुत्रेवाली भेटली. तिला कसं गाठायचं, काय सुनवायचं, हे त्यांनी किती दिवस घोकून ठेवलं होतं. आता त्यांनी फक्त सासऱ्यांचं वर्णन सांगितलं आणि दिसले का विचारलं.

"ते उंच गृहस्थ ना?" ती म्हणाली. "सकाळी भेटले. एरवी कधीतरी रस्ता विचारतात आणि जातात. आज फार गोंधळले होते हो, सारखे त्या खांबापाशी परत येत होते. मी म्हटलं, घरी सोडते. तर म्हणाले, मी बसड्रायव्हर आहे, मला रस्ता नका दाखवू. बोगद्याकडे गेले." मग तिने विचारलं, "इथे नवीनच राहायला आलेत ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "नवीन नाहीत."

बोगद्यातून बाहेर पडल्यावर सायकलची बॅटरी संपली. मोटर नसली की ती सायकल दगडासारखी जड. नव्या वसाहतीतले सगळे रस्ते सारखे, सगळी घरं सारखी. पण हा मुलूख त्यांनी पालथा घातलेला होता. एकेक रस्ता धरून, धापा टाकत, त्या पाय मारत राहिल्या.

सासरे बसथांब्यावर सापडले. बाकावर ताठ बसले होते. समोर बस येऊन थांबली, दार उघडलं, त्यांनी पाटी वाचली आणि मान हलवली. दार मिटलं, बस गेली. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला आपल्या घराकडे कुठली बस जाते ते आठवत नव्हतं.

सासूबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा ते म्हणाले, "बस बघत बसलो होतो. नव्या गाड्या आल्यात."

अशा उत्तरावर सासूबाईंचे किमान दहा प्रश्न असतात. कुठल्या गाड्या, कधीपासून, जेवणाचं काय. ते सगळे त्यांच्या तोंडाशी आले.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग सासऱ्यांनी सायकलकडे पाहिलं. "तू ही चालवतेस? कधीपासून? मला बोलली नाहीस."

"थोडे दिवस झाले."

"आणि इथे कशी आलीस?"

"फिरत फिरत."

सासऱ्यांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. मग तेही म्हणाले, "बरं."

दोघं चालत परत आली, मध्ये सायकल. बोगदा संपून फाटा आला तिथे सासरे थांबले. त्यांचा हात आपसूक खांबाकडे गेला आणि जिथे गाठ असायची तिथे बोटांनी चाचपू लागला. खांब मोकळा होता. सासूबाईंनी सायकल डावीकडे वळवली आणि म्हणाल्या, "ही मेली आपोआपच घराकडे ओढते." सासरे मागोमाग आले.

घरात शिरल्याबरोबर सासूबाईंनी आधी ओट्यावरच्या वाडग्यावर ताट झाकलं. मग सासऱ्यांना वाढलं. ते झोपायला गेल्यावर मला सगळं सांगितलं आणि रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मी सोडल्या ग त्या," एवढंच पुन्हा पुन्हा. मलाही भरून आलं. आदल्या दिवशी फोडणी टाकून दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसायला हवं होतं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे उठण्याआधी सायकल बाहेर पडली. सगळ्या गाठी होत्या तिथे बांधून झाल्या.

सासऱ्यांना नंतर डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, फिरणं बंद करू नका, फक्त कुणीतरी लक्ष ठेवा. लक्ष ठेवण्याच्या कामाला आमच्या घरातल्याइतकं लायक माणूस कुठेच मिळालं नसतं. सासरे पुढे चालतात आणि मागे, झाडांच्या आडून, आवाज न करता सासूबाई येतात. कुत्रेवाली दोघांनाही हात करते. गाठींबद्दल सासऱ्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नाही, आम्हीही विषय काढत नाही. त्यांचं जाकीट धुवायला निघालं की सासूबाई खिसे न तपासता माझ्या हातात देतात. तुकडे मी काढून ठेवते आणि कपडा वाळला की परत आत घालते. लोकर संपत आली की सासूबाई त्याच हिरव्या रंगाची आणतात, जुन्या गुंड्यावर गुंडाळतात आणि टोपलीत होती तशी ठेवतात.

परवा सासूबाई गॅरेजमध्ये बॅटरीसमोर बसल्या होत्या तेव्हा सासरे हळूच माझ्यापाशी आले. हातात गुंडा होता.

"हा संपत कसा नाही ग?" ते म्हणाले. "मला काहीतरी भानगड वाटतेय. तुझ्या सासूला बोलू नकोस. तिच्या डोक्यात लगेच भलतंसलतं येतं."

"नाही बोलत, बाबा," मी म्हटलं.