हात वर केलेला बातमीदार

देवतळे वकिलाच्या ऑफिसातून उठून सुलोचनाबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा मला आधी आनंदच झाला. त्यांचा नवरा नामदेव नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार. सैन्याच्या परवानगीने सरहद्दीवरची लढाई लिहायला गेला आणि तिथेच मारला गेला. यवतमाळच्या शोकसभेत देवतळे म्हणाला होता, "हा खटला मी जागतिक कोर्टात नेईन." लोकांनी माना डोलावल्या. आंतरराष्ट्रीय कायदा वाचलेला मी, आणि नाव त्याचं. फार झोंबलं.

"वकीलसाहेब, थे हात वर करून उभे होते म्हनतेत," बाई म्हणाल्या. "मंग काहून मारलं?"

"जागतिक कोर्टात देश जातात, माणसं नाही," मी म्हणालो. देवतळेला खोटं पाडताना बरं वाटलं.

मग समजावलं. सैन्यासोबत परवानगीने गेलेला बातमीदार शत्रूच्या हाती लागला, तर त्याला युद्धकैद्यासारखं वागवायचं, असा जिनिव्हाचा करार आहे. शरण आलेल्याला मुद्दाम मारणं गुन्हा. आपल्याकडेही तसा कायदा झालाय, पण फिर्याद सरकारनेच करायची. गोळीबाराच्या धुमाळीत गेला असेल, तर गुन्हा सिद्ध होणं कठीण.

"म्हनजे पाहनारा पायजे."

"हो."

"त्यायच्या जीपचा डायवर वाचला म्हनतेत. कुठी हाय, मालूम नाही."

मी सैन्याच्या कचेरीला लिहिलं आणि वाट पाहत बसलो. साक्षीदार हवा, हे बाईंनी देवतळेलाही सांगितलं. माझा मुद्दा फुकटात त्याच्याकडे गेला म्हणून मी चिडलो. तो मात्र कोर्टाची कामं दुसऱ्यांवर सोपवून एसटी पकडून निघाला. सैन्याचे दवाखाने पालथे घालून त्याने ड्रायव्हर शोधला, त्याचा जबाब शपथेवर घेऊन आला. त्यात होतं, नामदेवने हात वर केले, परवाना दाखवला, त्यानंतर शत्रूच्या सैनिकाने त्याला गोळी घातली.

सरकारला द्यायचा अर्ज मी लिहिला. देवतळेने वाचला. "कायदा तुलेच येते बाप्पा. खाली आपल्या दोघांच्या सह्या." त्याचा हा मोठेपणाही मला सहन झाला नाही. सही मात्र केली.

दिल्लीहून कळलं की समोरच्या देशाकडे निषेध नोंदवला आहे. गोळी घालणारा हाती नाही, त्यामुळे खटला नाही. त्या देशाने आरोप नाकारला. कुणालाही शिक्षा झाली नाही. पण नवरा धुमाळीत गेला असेल, असं बाईंना पुन्हा कुणी सांगितलं नाही.

आपल्या गावी, नेरमध्ये, बाई सगळ्यांना सांगत, "देवतळेभाऊनं साक्षीदार आनला." माझं नाव त्यात नसे. ते अजून सलतं. हाताखालच्या वकिलांना मी एवढंच सांगतो, कलम सापडलं की पुस्तक मिटा आणि एसटी पकडा.