वडिवूचा सलाम

वडिवूला पाचव्या वर्षी बापाने सर्कशीच्या मालकाच्या हवाली केलं. कागदावर अंगठा उठवला आणि तो आपल्या गावी तिरुवारूरला चालता झाला. लेकरू विकायला माणसाला एक अंगठा पुरतो. तंबूत चाथू मास्तरांनी तिला पहिला धडा दिला तो झोक्याचा नव्हे, पडण्याचा. पडलीस की लगेच उठायचं, उजवा हात वर करून सलाम ठोकायचा आणि हसायचं.

"लोक पैसे मोजतात ते मजा बघायला, तुझं रडं बघायला नाही," मास्तर छडी आपटून सांगत.

पंचवीस वर्षांत हे इतकं अंगात मुरलं की झोपेत खाटेवरून पडली तरी हात वर जायचा. तंबूतल्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

मग मद्रासच्या वडपळनीत सर्कशीवर सिनेमा निघाला. नायिका झोक्यावरून कोसळून मरते, असं होतं. खरी नायिका झोका बघूनच घामाघूम झाली, म्हणून तिचे कपडे वडिवूला चढवले. मालक सबापती म्हणाले, "एवढं काम नीट कर, तुझा कागद फाडून टाकतो. मग जा खुशाल कुंभकोणमला, तुझ्या अक्काच्या इडलीच्या दुकानात."

भुशाखाली पेंढ्याची गादी लपवली होती. वडिवू पडली, टुणकन उठली, सलाम ठोकून हसली.

"अगं बाई, तू मेलीयेस!" दिग्दर्शक ओरडला. "मेलेलं माणूस सलाम ठोकतं का?"

सगळे खो खो हसले. दुसऱ्यांदा तिने ओठ चावून धरले, तरी हात गेलाच. तिसऱ्यांदाही तेच.

"हात बांधा हिचा!" दिग्दर्शक म्हणाला.

"मग झोका काय दातांनी धरू, साहेब?" वडिवू म्हणाली, पण तिला रडू येत होतं. दहा आकडे मोजेपर्यंत नुसतं पडून राहायचं होतं. तेवढ्यावर तिची सुटका अडली होती, आणि आड येत होता तो तिचाच हात. तिला त्या हाताची चीड आली.

सहाव्या वेळी ती थकली होती. अंदाज चुकला आणि ती गादीच्या कडेवर आदळली. पुन्हा उठली, हात वर केला, हसली.

"केला सत्यानाश! पुन्हा घ्या!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला.

चाथू मास्तर मात्र छडी फेकून धावत सुटले. "थांबवा! डावा हात वर केलाय पोरीने, डावा!"

उजवा खांदा निखळला होता. तो पुन्हा कधी नीट बसला नाही. मालकांनी मग न मागताच कागद फाडला. लुळा हात त्यांच्या काय कामाचा? सिनेमात शेवटी जमिनीवर निपचित पडली ती नायिकाच, छान पावडर लावून.

वडिवू मोकळी झाली म्हणे. कुंभकोणमला अक्काच्या दुकानात डाव्या हाताने सांबार वाढू लागली. एकदा ओल्या फरशीवर पाय घसरून ती धाडकन पडली. गिऱ्हाइकं उठली, "लागलं का हो, अम्मा?"

तोवर वडिवू उभी होती. डावा हात वर, चेहऱ्यावर हसू. काही लागलेलं दिसत नाही म्हणत लोक परत इडलीकडे वळले.

अक्का जवळ आली आणि हळूच तिचा हात खाली ओढू लागली. तो लवकर खाली येईना.