पडदा बंद करून काढलेला आलेख

आमच्या तळोद्याच्या शाळेत गणिताच्या बाईंच्या वर्गातल्या एका मुलीला दिसत नाही. "तिला व्याख्या पाठ करू द्या, मार्क मिळतील," असं मी बाईंना म्हणालो होतो. पण त्या रोज मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरवर आलेखाचं कॅल्क्युलेटर उघडायच्या, दोन-दोन बटणं एकदम दाबून बघायच्या आणि वहीत लिहायच्या.

"सापडी, सर. कसं नही सापडी?" बाई म्हणायच्या.

एक दिवस दोन बटणं दाबताच आलेख चक्क वाजला. सूर खाली उतरला, परत वर चढला. मुलीनं ऐकून बाकावर बोटानं वाटीचा आकार काढला.

बाईंनी लगेच स्क्रीन बंद केला, दुसरा आलेख वाजवला.

"आते तुम्ही सांगा, सर, कोणता आकार?"

मी सवयीनं बंद स्क्रीनकडे पाहिलं. मुलीचं बोट तोवर बाकावर नवा आकार काढायला लागलंही होतं.